गळती

यवतमाळच्या डॉक्टरनं कागदाच्या मागं
दोन नळ्या काढल्या.
"जन्मापासून अदलाबदल.
निळं रक्त अंगातच फिरतं,
लाल फुप्फुसातच."

मी मोहद्याचा मोटरपंपवाला,
मले लगेच समजलं.
रेवता बाळाची नखं पाहत होती,
निळीच्या पाण्यातून काढल्यासारखी.

"मंग पाच दिस जगली कशी?"

"पोटातली एक वाट अजून उघडी आहे.
तिथून थोडं थोडं मिसळतं.
ती बुजू नये म्हणून हे औषध."

अठरा वर्षं
सुतळी अन् सफेदा लावून
लोकायच्या गळत्या बंद केल्या.

आज काचेबाहेर उभा आहो,
खिशात पाना तसाच,
अन् म्हणतो, माय,
गळू दे.
नागपूरचा टेबल मोकळा होईस्तोवर
गळू दे.