नदी ओलांडून ते पलीकडे गेले

पान एकशे बारा.
चाळीस घोडेस्वार काळोखात काठाशी येतात
आणि पुढच्याच ओळीत:
‘नदी ओलांडून ते पलीकडे गेले.’

बस्स.
मी पुस्तक बाकड्यावर उपडं ठेवलं
आणि चोडणच्या धक्क्यावर रॅम्प सोडला.

सव्वीस वर्षं, लेखकमहाशय,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
एकदाही एका वाक्यात जमलं नाही.
कधी बार्ज आडवा येतो, कधी ओहोटी,
कधी कुणाच्या स्कूटरचा स्टँडच मोडका,
आणि साखळी ओढत आणली की
हातात मासळीची पाटी घेऊन कुणीतरी धावत येतंच,
‘राव रे मात्सो!’
तुमचा एकही घोडा पाण्याला बिचकला नाही?
आणि चिखल?
आमच्या काठाचा चिखल
माणसाला गुडघ्यापर्यंत ओळखतो.

तरी मी वाचतो.
असली पुस्तकं पिसुर्लेकरबाई माझ्यासाठी कपाटामागे ठेवतात.
गद्दार कोण, मला बाराव्या पानावर कळतं
(पहिल्या खलबतात जो उगाच खोकतो, तो),
पण पुढची तीनशे पानं
मी नायकाला मनातून सांगत राहतो,
सांभाळ रे बाबा, त्याच्या हातचं पाणी पिऊ नकोस.
तो पितोच.

घरी मालिका. प्रेमावती बघते, मी जेवतो.
थोरल्या जावेच्या हातून वाटी सुटली सोमवारी,
जमिनीवर पोचली गुरुवारी,
मधे सगळ्या घराचे चेहरे तीन-तीनदा.
मी म्हटलं, त्यांनी नदी एका ओळीत संपवली,
यांची वाटी चार दिवस पडतेय,
दोघांची सरासरी काढ, माझी फेरी होते.
ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली,
‘वाटी तशीच पडते.
तुझ्या हातून कधी पडली नाही
चार माणसांसमोर,
म्हणून तुला ठाऊक नाही.’
मी ताट उचललं.
तो भाग नंतर मी पूर्ण पाहिला.

सिनेमाबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते राहील.
एकदा त्यांनी आमची फेरीबोट दिवसभर भाड्याने घेतली,
पोर्तुगीज काळ दाखवायला कठड्याला प्लायवूड ठोकलं,
लाइफजॅकेटं पोत्याखाली लपवली
आणि मला म्हणाले, काका, जरा बाजूला,
तुम्ही इथले वाटत नाही.
इथला वाटणारा एक पोरगा त्यांनी बरोबरच आणला होता.
त्याने वल्हं उलटं धरलं.
मी सांगितलं.
‘पडद्यावर कळत नाही,’ दिग्दर्शक म्हणाला.

मी आणि कायतान पणजीला जाऊन पाहून आलो.
गोंयकार सगळे प्यालेले,
नाहीतर नाचणारे, नाहीतर दोन्ही.
नदी चार सेकंद.
पण त्या चार सेकंदांत, डाव्या कोपऱ्यात,
साखळीपाशी,
माझं कोपर.
‘पळय, पळय!’ कायतान एवढ्याने ओरडला
की पुढच्या रांगेतली बाई दचकली.
कोपराचं काम चांगलं झालंय.
बाकी सिनेमा टाकाऊ.

आता राहिलं पान एकशे बारा.
वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, मला माहीत आहे,
तशी पाटीच आहे भिंतीवर.
मी समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं:
‘भरती होती. दोन घोडे बिचकले.
एक स्वार काठावरच राहिला.’
आणि पुस्तक परत केलं.

परवा पुन्हा मागून घेतलं, उगाच,
खोकणाऱ्याला भेटावं म्हणून.
माझ्या ओळीखाली
निळ्या शाईत, शाळकरी अक्षरात,
कुणीतरी विचारलंय:
‘मग त्याला कुणी नेलं?’

पेन्सिल खिशात आहे.
पलीकडून कुणीतरी हॉर्न वाजवतंय.