पाय काढल्यावर

पारोळ्याहून निघालो तेव्हा बारा वाजले होते.
मागे दोन ढोल, एक ताशा, सहा माणसं,
लग्नवाल्यांनी बांधून दिलेला जिलबीचा डबा.
देवचंदने एक्सलेटरवरून पाय काढला
आणि सुमो म्हणाली, नाही.

उतार नव्हता. घाई नव्हती.
इंजिन पंचमावर जाऊन बसलं
ते षड्जावर यायला तयार नाही,
जसा नवशिका पोऱ्या दम संपेपर्यंत एकच सूर धरतो
आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.
शेवटी चावी फिरवून गप्प केली.
टायरखाली डांबर चर्रचर्र करत होतं.

सकाळी हे होत नाही.
रात्री वरात आटोपून येतानाही नाही.
बारा ते चार, फक्त मे महिन्यात,
आणि तेही पंधरा-वीस किलोमीटर पळाल्यावर.

धुळ्याच्या पंपवाल्याने बॉनेटही नीट उघडलं नाही.
‘पंप खोलावा लागेल. आठ हजार.’
आठ हजारात आमच्या दोन वराती जातात,
त्याही नाचणारे दिलदार असले तर.

अमळनेरला, बोरीच्या पुलाअलीकडे, उखर्डू मिस्तरी.
त्याने गाडीला हात लावला नाही, चहा सांगितला.
‘हाई कव्हय व्हस, भो?’
दुपारी, मी म्हटलं.
‘मंग पंप नही. पंपले काय घड्याय बांधेल शे?’

पंपाच्या लिव्हरवरून केबल सोडवली,
एका बोटाने लिव्हर ढकलला, सोडला.
टप.
पुन्हा. टप.
‘आयक.’
मी ऐकलं. माझ्या क्लॅरिनेटची चावी
सुईएवढ्या स्प्रिंगवर मिटते, तोच आवाज,
फक्त जाड.

मग नुसती केबल ओढून पाहिली. मऊ, सरळ.
तो काही बोलला नाही.
केबल परत जोडून इंजिन अर्धा तास
उन्हातच गुरगुरत ठेवलं,
दुसरा चहा झाला, ताशावाला खाटेवर घोरू लागला.
आता ओढली तर मध्येच थांबली,
काकवीत बोट घातल्यासारखी.

उखर्डू केबलचा माग काढत आत गेला,
कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.
सायलेन्सरकडे जाणाऱ्या त्या लाल तापलेल्या लोखंडाजवळ
तिची क्लिपच नव्हती.
केबल त्यावर लोळत होती, वरचं प्लास्टिक वितळलेलं,
आतल्या तारेचा गळा धरलेला.
क्लिपच्या जागी कुणीतरी दोरी बांधली होती कधीकाळी.
तिचं एक जळकं टोक त्याने माझ्या तळहातावर ठेवलं.
काळं. मध्ये एक धागा अजून सोनेरी.

चार वर्षांपूर्वी, चोपड्याच्या रस्त्यावर,
रात्री दोनला, दातात बॅटरी धरून
मीच बांधली होती ती,
युनिफॉर्मच्या डाव्या खांद्यावरून उपसून.
पुढच्या गावाला पोचायचं होतं फक्त.
मग विसरलो.
उखर्डूने माझ्या खांद्याकडे पाहिलं,
नाक पुसलं, आणि पाना मागितला.

नवी केबल दोनशे चाळीस.
वळण बदललं, तापापासून वीतभर लांब,
जुन्या पत्र्याची पट्टी वाकवून क्लिप केली,
तेलाचा एक थेंब, पेडलला नखभर ढिलाई.
‘इतली सुटी लागस,’ तो म्हणाला.

देवचंदने दाबलं, सोडलं.
इंजिन खाली आलं.
मी पेटीतून क्लॅरिनेट काढून हळूच सा लावून पाहिला.
इंजिन किंचित उतरलेलं होतं.
‘आयडल वाढवायचं का?’
‘राहू दे,’ उखर्डू म्हणाला, ‘वरात तुम्ही काढा.’

साडेतीनला निघालो, बेटावदची सुपारी होती.
जळकी दोरी खिशात. कुणाला सांगितलं नाही.
देवचंद प्रत्येक गतिरोधकाआधी पाय काढत होता,
आणि जिथे गतिरोधक नव्हता तिथेही,
नुसतं ऐकायला.