समास सोडून लिहा

नववीत माझं पहिलं वाक्य असं होतं :
‘अनादी काळापासून मानव आणि जल यांचे अतूट नाते आहे.’
बागवान सरांनी हिरव्या शाईनं
समासात एवढंच विचारलं,
‘तू होतीस तिथं?’

समास सोडून लिहा, पहिलीपासून सांगत आलेत.
मी समास सोडायची
आणि उरलेल्या जागेत समासच भरायची :
जलव्यवस्थापनधोरण, लोकसहभागाभाव,
‘प्रस्तुत विवेचनाच्या अनुषंगाने’.
लग्नापुरते मागून आणलेले दागिने,
घातले की मान आपोआप ताठ.

मागून कुठून, तर दुकानातून.
अप्पा बळवंत चौकात, जिन्याखाली,
एक झेरॉक्स मशीन, एक स्पायरलचं,
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
बाबांच्या हातांखालून किती प्रबंध गेले,
उसावरचे, बँकांवरचे, मातीवरचे.
वाया गेलेल्या प्रती मी पाठकोऱ्या म्हणून घरी आणायची.
मागच्या बाजूला गणितं सोडवायची,
पुढच्या बाजूची वाक्यं उचलायची.

सर लिहीत, ‘कोण म्हणतं?’
‘किती?’
‘कधीपासून?’
एकदा नुसतं, ‘बरं. मग?’
त्या ‘बरं. मग?’नं माझं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं.

मग दिवाळीच्या सुट्टीत गॅलरीत बसले,
धनकवडी, चौथा मजला.
आईच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांखाली,
टँकर मोजले.
सोमवारी सात.
मंगळवारी सात.
बुधवारी अकरा, ब विंगेत साखरपुडा होता.
गुरुवारी दुपारी मला झोप लागली. तेही लिहिलं.

टँकरवाल्या काकांना विचारलं, कुठून भरता?
पाइप खांद्यावर घेत म्हणाले,
‘विहिरीवरनं. कुणाच्या, ते नको लिहू.’
आणि व्हॉल्व्ह पिळता पिळता,
‘माझं नाव मात्र लिही. पूर्ण.
ढमाले सोपान बाबूराव.’
शाळेच्या हजेरीत सांगावं तसं.

पानाच्या तळाशी, रेघेखाली,
बारीक अक्षरात त्यांना लिहिलं
आणि वरचं वाक्य
पहिल्यांदाच डुगडुगलं नाही.

नऊ पानं झाली.
प्रत काढायला बाबांनी सहावं पान काचेवर ठेवलं,
पुन्हा उचललं.
बाबा आठवी. बोट ठेवून म्हणाले,
‘हे तुझं नाही.’
कुठलं?
‘हेच. “पाण्याची टंचाई ही वस्तुतः वाटपाची टंचाई असते.”
मार्चमध्ये सहा प्रती केल्यात मी याच्या.
दोनदा परत आणलं बाईंनी, टायपिंग चुकलं म्हणून.
पोरगं त्यांचं इथं काउंटरखाली रांगायचं.’

मशीनचा उजेड त्यांच्या हनुवटीखालून सरकत गेला.
मी समजत होते,
बाबा फक्त कागद मोजतात.

वाक्य चांगलं होतं.
माझ्या नऊ पानांत सगळ्यांत चांगलं.
खोडू का, विचारलं. बाबा काही बोलले नाहीत,
खणातून उधारीची वही काढली,
थुंकी लावून पानं उलटली :
‘रणपिसे पल्लवी. बाकी चाळीस रुपये.’

वाक्याला अवतरणचिन्हं दिली, दोन्हीकडून.
ढमालेंच्या खाली रणपिसे.
चाळीस रुपयांचं लिहिलं नाही.

सोमवारी निबंध परत आला.
अनादी काळ गेलेला, मानवही गेलेला.
सातव्या पानापर्यंत समास कोरा.
मी पानं उलटत होते
आणि कोरेपणाचीच भीती वाटत होती.
आठव्यावर, गुरुवारच्या शेजारी,
हिरव्या शाईत :
‘किती वाजेपर्यंत झोपलीस?’

साडेचार, मी लिहिलं.
मग पेन थांबलं.
साडेचारच का?
वही तशीच उघडी ठेवून
आईला विचारायला स्वयंपाकघरात गेले.