वजनावर घेतलेली

पायगोंडा मगदुमांच्या हळदीच्या वखारीमागं
ती अकरा वर्षं उभी होती, एका चाकावर अन् तीन दगडांवर.
मॅटाडोर पिकअप. कुण्या काळी निळी.
भंगारवाला काटा घेऊनच आला होता.
मी म्हणालो, किलोला दोन रुपये जास्त देतो,
कापू नका.
मगदूम सुपारी कातरायचे थांबले.
"दिगंबर, लेथवर बोटं सांभाळतोस,
डोकं कुठं ठेवून आलास?"

ट्रॅक्टरला बांधून मिरजेत आणली.
गल्लीतली पोरं मागून ढकलत होती, गरज नसताना.
तेजमती उंबऱ्यात उभी. बोलली काही नाही.
पोराच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून
तिनं दोऱ्यानं शिवली, अन् पहिल्या ओळीत लिहिलं:
ट्रॅक्टरचं डिझेल, तीनशे.
खाली बरीच जागा सोडली.

तळाचा पत्रा उचकटला तर आत हळद.
सांध्यात हळद, बोल्टांच्या आट्यांत हळद,
वायरिंगच्या नळीतसुद्धा.
आठवडाभर माझे हात नवरदेवाचे.
कुपवाडला शिफ्टमध्ये साहेबानं विचारलं,
कुणाचं कार्य हो?

दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही घरची रीत.
मग साठचा बल्ब लांब वायरीला टांगून
मी तिच्या पोटाखाली.
वर बाबालाल मिस्त्री, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ते कानानंच इंजिन बघायचे.
"तिसरा सिलिंडर खोकतोय," म्हणायचे,
"पण खोकला जर्मन आहे. खानदानी."

नवं काही घ्यायचं नाही असं व्रत नव्हतं.
पैसे नव्हते.
सीट एस.टी.च्या लिलावातली, तिघांची.
वॉशर जुन्या ट्यूब कातरून.
बुश मी स्वतः वळले, जेवणाच्या सुट्टीत,
टाकाऊ गनमेटलमधून,
फोरमन जितका वेळ मुद्दाम पाठ करून उभा राहिला
तितक्या वेळात.
डाव्या दाराला काच नाही. अजून नाही.
हॉर्नपायी तीन रविवार गेले,
हॉर्न बोलला नाही.

रंग घासला, निळ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली तांबडा,
अन् तांबड्याखाली, मागच्या फाळक्यावर, अर्धी ओळ:
'हळू ये, मी'
पुढचे शब्द माझ्याच पॉलिशपेपरनं खाल्ले होते.
पेंटरनं चार वाक्यं सुचवली, चारही यमकात.
तेजमती म्हणाली, राहू दे तसंच.
आता मागून येणारा
ज्याचं त्यानं पुरं करतो.

हौद्याच्या फळ्या दस्तगीर शिकलगारांकडच्या,
तुणाच्या. चीर गेलेल्या,
म्हणजे ज्यांची सतार व्हायची राहिली.
मी रक्कम विचारली.
ते तारेवर नख मारून बघत होते, मान न उचलता म्हणाले,
"पैसे नकोत. पहिली खेप माझी."

म्हणून बेगमपूर.
दीडशे भोपळे, वाळलेले, पोकळ,
कांद्याच्या जाळीत बांधलेले, शिगेच्या वर शीग.
रस्त्यावरचे लोक बघायचे, बाप रे, केवढा माल!
अन् पाटे जागचे हललेसुद्धा नव्हते.
जिला मी किलोवर घेतली,
जिच्या एकेका नटानं माझी रात्र दाबून धरली,
तिच्या पाठीवर पहिलं ओझं
हे असं, नसल्यासारखं.

सांगोला मागं पडलं तसा वारा सुटला
अन् दीडशे पोटं एकदम घुमायला लागली.
मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं,
कान लावला. इंजिन बंद होतं.
आवाज चालूच.
तेजमती हसली, कितीतरी दिवसांनी, पदर तोंडाला लावून.

कवठेमहांकाळच्या अलीकडं रस्ताभर मेंढरं.
हॉर्न नाही; तिनं काच नसलेल्या दारातून हात काढून
पत्र्यावर दणादणा थापा मारल्या.
धनगर वळून म्हणाला, "सरतंय की, वैनी, सरतंय!"

गाडी थांबली तेवढ्यात तिनं वही काढली.
खर्चाची पानं ओलांडून
'जमा' लिहिलं, खाली रेघ ओढली,
पेन्सिल ओठाला लावून जरा विचार केला,
मग काहीतरी लिहिलं.
मी वाकून बघायला गेलो.
रस्त्याकडं बघ, म्हणाली.