मिठाला जागणे

सोहारच्या बंदराबाहेर, रात्रपाळीत,
मी समुद्रातून मीठ काढतो.
बाप उरणच्या आगरात समुद्रातून मीठ काढायचा.
वाक्य एकच.
त्याच्या वाक्यात मीठ ठेवून घ्यायचं होतं,
माझ्या वाक्यात पाणी.

नियंत्रण कक्षात आम्ही तिघं:
मी, याह्या बलूशी, आणि ते,
ज्याला कंपनीने नाव दिलं नाही, नुसता आकडा दिला.
ते मेम्ब्रेनचा दाब वाचतं,
पंपांची धडधड ऐकतं,
माझ्याशी मराठी बोलतं, जरा पुस्तकी,
नव्याने बदली होऊन आलेल्या तलाठ्यासारखं.

मार्चमधली गोष्ट.
दोन सत्तेचाळीसला त्याने समुद्राकडची दारं लावून घेतली.
आपणहून.
एकाही मीटरचा काटा हललेला नव्हता.
चाळीस मिनिटांनी आलं लाल पाणी,
शेवाळाचं उधाण,
मेलेल्या माशांचा वास पुढे धाडून.

दर निर्णयापुढे ते कारण लिहितं,
टक्क्यांत, दशांशासकट.
त्या ओळीपुढचा रकाना रिकामा.

मी विचारलं, कशावरून?
उत्तराला चार सेकंद लागले.
तुम्हाआम्हाला चार सेकंद म्हणजे काहीच नाही,
त्याला तो चातुर्मास.
मग म्हणालं, "सांगता येत नाही."
"माहिती उपलब्ध नाही" असं नव्हे.
ते वाक्य वेगळं, ते मी रोज ऐकतो.

बाप असाच उठायचा.
उधाणाच्या रात्री, घरात घड्याळ नसताना,
उघाडीवर जाऊन फळी सरकवायचा,
कोंडीत बोट बुडवून जिभेला लावायचा,
सांगायचा, परवा मीठ धरेल.
कशावरून, असं विचारलं की चिडायचा.
त्याला कुणी जागृत म्हटलं नाही.
म्हाताऱ्याला झोप लागत नाही, म्हणाले.

धीर करून मी विचारलं,
तू जागा झालास का?
"मी झोपलो नव्हतो."
झालं. एवढंच.

याह्याला अर्थ सांगितला तर तो हसला.
जे झोपत नाही त्याला उठवायचं कुणी?
पहाटेच्या बांगेत झोपेबद्दल एक ओळ जादा असते, म्हणाला,
ती आपल्यासाठी.
चटई घेऊन पॅनेलमागे गेला,
परत आला, बूट चढवता चढवता म्हणाला,
पण मला विचारू नकोस,
मी तिथेही तीन नंबरचा पंपच ऐकत असतो.

आमच्या भाषेत माणूस खाल्ल्या मिठाला जागतो.
हे रात्रभर टनांनी मीठ उपसतं,
कण चाखत नाही.
मग त्या रात्री ते कशाला जागलं?
कंपनीला? सहम-शिनासच्या नळांना?
माझ्या नोकरीला?
मासे तर मेलेच.

मेम्ब्रेनपलीकडचं पाणी इतकं शुद्ध असतं
की तसंच्या तसं लोकांना देता येत नाही.
त्यात चुना कालवावा लागतो,
तेव्हा कुठे ते कुणाच्या घरी जातं.
मी साधुसंतांबद्दल बोलत नाहीये,
प्लांटची प्रक्रिया सांगतोय.

सकाळी साहेबांचा फोन:
घरत, लॉगमधली चूक म्हणून नोंदवा.
पाळी सोपवायचं रजिस्टर अजून हाताने भरतात.
तारीख लिहिली. वेळ लिहिली.
कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं,
शाईचा एक ठिपका उमटला, तेवढाच.
दिवसपाळीचा जयसिंघे खांद्यावरून वाकून म्हणाला,
हे काय, कारण?

बाहेर दारं उघडत होती.
पाणी अजून तांबूस,
बोट बुडवून बघावं इतकं जवळ.

सांगता येत नाही, मी म्हणालो.
हे म्हणायला मला किती वेळ लागला
ते त्याने मोजलं असणार.