टिश्यूची रोपं

सावद्याच्या रस्त्याला आमची लॅब.
तिथं मी बाटल्यांत केळी वाढवते.
ज्योतीत चिमटा तापवून, तोंड बांधून,
एका कोंबाचे चार, चारांचे सोळा.
सकाळचं पहिलं काम, बाटल्या उजेडात धरायच्या.
तळाशी कापसासारखं काही दिसलं
की अख्खी बाटली बाजूला.
झाकण उघडायचंसुद्धा नाही, थेट ऑटोक्लेव्हमध्ये.
अकरा वर्षांत कधी वाईट वाटलं नाही.

डिगंबर पुढच्या कामाला, शेडनेटखाली,
रोपं काळ्या पिशव्यांत लावायचा.
पहिले पंधरा दिवस जपा, मजुरांना सांगायचा,
यांनी अजून धूळ पाहिलेली नाही.

त्याचं रक्त बिघडलं तेव्हा
नाशिकला पाच तास मी यंत्राला हात देऊन पडले.
पिशवीत जमलं, टोमॅटोच्या सारासारखं फिकं.
आता त्याचा रक्तगट माझा आहे.
आई आल्यागेल्याला हे दोनदोनदा सांगते.

त्र्याहत्तराव्या दिवशी खोकला.
जळगावच्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गोळा,
भोवती धुकं.
बुरशी, डॉक्टर म्हणाले.
कडब्यात असते, कंपोस्टात, पाडलेल्या भिंतीत,
आपण रोज हुंगतो आणि विसरून जातो.
नव्या पेशींना अजून ओळख पटायची आहे.
माझ्याच पेशी त्या!
स्कूटीवरून परत येताना मी त्यांच्यावर चिडले,
शाळेत मार खाऊन आलेल्या पोरांवर चिडावं तशी.

आईनं दही, लोणच्याची बरणी,
तुळशीची कुंडी शेजारी देऊन टाकली.
समोरचे नेहेते जुना स्लॅब फोडत होते.
थांबले नाहीत, पण आता पाणी मारून फोडतात.
गोळी जेवणाच्या तासभर आधी.
मग अर्धा तास भिंत हिरवी-पिवळी लवलवते,
केळीचं पान उन्हाकडे धरून पाहावं तशी,
असं तो सांगतो, आणि त्याला ते आवडतं
हे आईला सांगू नको म्हणतो.

मी लॅबमधून आले की न्हाणीत कपडे,
डोक्यावरून पाणी, नवा मास्क.
तरीही खिडकीच्या जाळीबाहेरच.
त्याच्या हाडांत मला जागा आहे, खोलीत नाही.

काल जाळीतून त्यानं विचारलं,
आज किती फेकल्या?
चौदा.
तो खोकला, पाणी प्यायला,
मग म्हणाला,
एखादी ठेवाची व्हती ना बाई, पाह्याले,
किती दिस तगते ते.