पांढरी दोन

टाकोराडीच्या बंदरामागे, पत्र्याच्या देवळात
तिसऱ्या ओळीला अराबामावशीचे ओठ
दर रविवारी मिटायचे.
मला वाटे, प्रार्थनेत बुडाली.

परवा मासे धुरीला लावताना तीच म्हणाली,
"पोरा, तुमचं गाणं माडावर चढतं.
माझ्या गुडघ्यांना जमत नाही."

शनिवारी फीफीने कुरकुरत
सूर पांढरी पाचवरून पांढरी दोनवर आणला.
मी ड्रमवर जुनं ब्लँकेट टाकलं.
शेवटचं कडवं वाद्यांविना, असं ठरलं;
एबो विसरला, वाजवतच राहिला.
त्याच्या तारांवर मी हात ठेवला.

मग ऐकू आलं:
खरखरीत, किंचित बेसूर,
धुराच्या वासाचं,
आमच्याहून अर्धी मात्रा मागे.

मी मात्रा मोजायचं सोडलं.